शेरा कोणी लिहायचा? समग्र प्रगती पत्रक आणि आपल्या वस्तीतली मुले

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या आणि पहिल्या सत्राची प्रगतीपुस्तके मुलांच्या हातात पडली. त्या आठवड्यात आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत पाच-सहा मुले ती घेऊन आली. सातवीतल्या एका मुलीने आपल्या पुस्तकातली वर्णनात्मक नोंद मोठ्याने वाचून दाखवली : 'दिलेले काम वेळेत पूर्ण करण्याचा प्रयत्न करतो.' करतो, करते नव्हे. शेजारचा पाचवीतला मुलगा म्हणाला, "ताई, माह्या पुस्तकातबी हेच लिहून हाये." तिसऱ्याने उघडून पाहिले, त्याच्याकडेही तेच. सगळे खो-खो हसले. हसू ओसरल्यावर ती मुलगी म्हणाली, "म्हणजे सरनं मले पाह्यलंच नाही का?"

मी समाजशास्त्रात एम.ए. केले आहे आणि गेली काही वर्षे विदर्भातल्या एका शहराच्या वस्तीत काम करते. तिच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे धड उत्तर नव्हते. सरांना दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. पण एका वर्गात पन्नास मुले, वर मतदार यादीचे काम, रोजची ऑनलाइन माहिती आणि प्रत्येक मुलामागे प्रत्येक विषयाची वेगळी नोंद, एवढे समोर असले की माणूस बाजारातून तयार नोंदींची पुस्तिका आणतो किंवा मोबाइलवर आलेली पीडीएफ उघडतो आणि उतरवून काढतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा, तो नाकारणार नाही.

आता याच जागी समग्र प्रगती पत्रक येत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही कल्पना मांडली. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या अंतर्गत स्थापन झालेल्या 'परख' या संस्थेने पायाभूत स्तरापासून माध्यमिक स्तरापर्यंत त्याचे नमुने तयार केले. धोरणात स्पष्ट म्हटले आहे की या पत्रकात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाने स्वतःचे केलेले आणि वर्गमित्रांनी एकमेकांचे केलेले मूल्यमापन असेल. प्रकल्प आणि शोधावर आधारित शिक्षणात मुलाने काय प्रगती केली तेही त्यात नोंदले जाईल. लहान मुलांसाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे आहेत, मोठ्यांसाठी प्रश्न आहेत. कागदावर पाहिले तर मूल्यमापनाचा पेन थोडा तरी मुलाच्या हातात जाणार आहे.

आपल्या चळवळीत शिक्षणाची चर्चा शिष्यवृत्ती, वसतिगृह, आरक्षण आणि शाळाबंदी यांच्याभोवती फिरते. ते बरोबरच आहे, तिथे रोजची लढाई आहे. प्रगतीपुस्तकात शेरा कोण लिहितो हा विषय मात्र आपण शिक्षकांचा घरगुती मामला समजतो. मला वाटते ही चूक आहे. शाळेत 'हुशार' कोण आणि 'मठ्ठ' कोण हे ठरवण्याचा अधिकार किती पिढ्या कोणाच्या हातात होता, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

पहिली गोष्ट म्हणजे हे नवे नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. आकारिक आणि संकलित असे त्याचे दोन भाग. आकारिक मूल्यमापनासाठी जी साधने दिली, त्यात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि शेवटी 'इतर' असे एक साधन होते. त्या 'इतर'मध्ये स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन हे शब्द होते. म्हणजे मुलाने स्वतःचे मूल्यमापन करावे ही तरतूद महाराष्ट्रात पंधरा वर्षांपासून आहे. तुमच्यापैकी जे २०१० नंतर प्राथमिक शाळेत शिकले, त्यांनी आठवून पाहावे. शाळेत कोणी विचारले होते का की तुझे काम तुला कसे वाटते? मी हा प्रश्न आमच्या अभ्यासिकेत शिकवायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना विचारला. सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

त्या निर्णयामागे शिक्षण हक्क कायदाही होता. २००९ च्या कायद्याचे कलम २९ सांगते की शिक्षण कृतीतून आणि शोधातून व्हावे, आणि मुलाला किती समजले याचे मूल्यमापन सातत्यपूर्ण आणि सर्वंकष असावे. या दोन गोष्टी कायद्याने एका कलमात ठेवल्या, त्याला कारण आहे. शिकण्याची पद्धत बदलायची आणि तपासण्याची जुनीच ठेवायची, असे केले की तपासणी जिंकते. मुले फार हुशार असतात. मार्क कशाला मिळतात ते त्यांना आठ दिवसांत कळते आणि मग ती तेवढेच करतात.

हे मला आमच्या पाण्याच्या प्रकल्पात दिसले. तो जरा सविस्तर सांगते, कारण त्याशिवाय पुढचे बोलणे हवेत राहील.

वस्तीत नळाला पाणी येते, पण वरच्या गल्लीतल्या बायका म्हणतात आमच्याकडे कमी येते आणि खालच्या गल्लीतल्या म्हणतात काही नाही, सारखेच येते. भांडण जुने आहे. सहावी ते आठवीच्या अकरा मुलांनी ठरवले की आपण मोजू. काय मोजायचे यावरच पहिले दोन दिवस गेले. आधी ठरले की नळ किती वेळ चालतो ते लिहायचे. तीन दिवस लिहिले, तर वरच्या गल्लीत नळ उलट जास्त वेळ चालत होता! मुले गोंधळली. मग एका मुलीच्या लक्षात आले की वर धार बारीक असते. वेळ मोजून भागणार नाही. मग वीस लिटरचा एक कॅन घेतला, मोबाइलवर स्टॉपवॉच लावले आणि तो भरायला किती वेळ लागतो ते आठ दिवस लिहिले. खालच्या टोकाला दीड-पावणेदोन मिनिटे, वरच्या टोकाला चार मिनिटांच्या आसपास.

आता सांगा, या कामाचे मार्क कसे द्यायचे? उत्तरपत्रिका तपासताना शिक्षकाकडे आदर्श उत्तर असते. इथे आदर्श उत्तर कोणाकडेच नव्हते, माझ्याकडेही नाही. त्या मुलीने पद्धत बदलली, हा सगळ्या कामातला सर्वात मोलाचा क्षण होता, आणि मी त्या वेळी तिथे नव्हते. तो फक्त मुलांना माहीत होता. शोधाच्या शिक्षणात मूल्यमापन मुलांकडे का जायला हवे याचे हे साधे, व्यवहारी कारण आहे. मुलांचे लाड करण्याचा यात प्रश्नच नाही. जे घडले त्याची साक्ष तीच देऊ शकतात.

तर मी मुलांना म्हटले, चांगला प्रकल्प कशाला म्हणायचे ते तुम्हीच ठरवा, तुमचे निकष तुम्ही लिहा. पहिली यादी आली ती अशी : अक्षर सुंदर, चित्रे रंगीत, बॉर्डर, पहिल्या पानावर प्रस्तावना, शेवटी निष्कर्ष, आणि फाइल प्लास्टिकची. पाण्याचा 'प'सुद्धा नाही. मला राग आला आणि मग लगेच शरम वाटली, कारण ही यादी त्यांनी घरून आणली नव्हती. शाळेत प्रकल्पाला मार्क यावरच मिळतात. झेरॉक्सच्या दुकानात वीस-तीस रुपयांत प्रिंट मिळते, स्टेशनरीवाल्याकडे तयार तक्ते मिळतात. ज्याच्या बापाच्या खिशात पैसे आहेत त्याचा 'शोध' चकचकीत होतो. आपल्या मुलांचे गुण प्रकल्पात का कटतात, याचे अर्धे उत्तर या प्लास्टिकच्या फाइलमध्ये आहे.

मग आम्ही एक प्रश्न घेतला : वॉर्ड ऑफिसच्या साहेबाला हे दाखवायचे असेल तर तो काय विचारेल? दहा मिनिटांत यादी बदलली. आकडा कुठून आणला ते सांगता येते का. दुसऱ्याने मोजले तर तेवढाच येईल का. कोणत्या दिवशी मोजले नाही ते लिहिले का. ज्याला आपले म्हणणे पटत नाही त्याला विचारले का. हे चार निकष मुलांचे आहेत, शब्द थोडे माझे. समाजशास्त्राच्या एम.ए.ला संशोधन पद्धतीचा जो पेपर असतो, त्यात याहून फार वेगळे काही नव्हते.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे जॉन ड्युई त्यांचे शिक्षक होते, हे आपण भाषणांत सांगतो. ड्युईंचे म्हणणे असे होते की विचार खऱ्या अडचणीतून सुरू होतो. अडचण नसेल तर माणूस पाठ करतो, विचार करत नाही. आपण रोज वंदनेत 'एहिपस्सिको' म्हणतो, ये आणि स्वतः पाहा. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी गुरूचे म्हणणे आहे एवढ्यावर मान्य करू नका असे सांगितले, तेही आपल्याला पाठ आहे. आणि मग त्याच विहारात बसून आपण मुलांकडून गाइडमधली उत्तरे घोकून घेतो. मीही घेतली आहेत. परीक्षा जवळ आली की दुसरे सुचत नाही.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता कडू भाग.

निकष ठरल्यावर प्रत्येकाने स्वतःच्या कामाला दहापैकी गुण द्यायचे ठरवले. ज्या मुलीने पद्धत बदलली तिने स्वतःला चार दिले. ज्या मुलाने दोन दिवस कॅन धरला आणि बाकी दिवस क्रिकेट खेळला त्याने नऊ. मी थक्क झाले नाही. मीही शाळेत असताना स्वतःला चारच दिले असते. मुलीला लहानपणापासून 'स्वतःचे कौतुक करू नये' शिकवले जाते, आणि वस्तीतल्या मुलीला तर शाळेनेही तेच सांगितलेले असते.

याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधकांनी २००४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांची कामगिरी सारखीच होती. मुलांची नावे जातीसह सगळ्यांसमोर जाहीर केली आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडी तीच. बदलला होता तो फक्त आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते आहे याचा अंदाज. अशा समाजात मुलाच्या हातात हसरा आणि रडका चेहरा देऊन 'तुला काय वाटते ते रंगव' म्हटले, तर ते मूल स्वतःचे मत रंगवेल की त्याच्याविषयी इतरांचे? स्वयंमूल्यमापन म्हणून जे पत्रकात जाईल, ते कित्येकदा शाळेनेच आधी त्याच्या मनावर लिहिलेले असेल. फरक इतकाच की खाली सही मुलाची असेल. उद्या पालक भांडायला गेला तर उत्तर तयार : तुमच्याच पोराने स्वतःला कमी दिले आहे.

वर्गमित्रांनी एकमेकांचे मूल्यमापन करण्यातही हाच धोका आहे, किंबहुना जास्त. वर्गात बाकावर कोण कोणाशेजारी बसते, डबा कोण कोणाबरोबर खाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल. ज्या वर्गात 'जय भीमवाला' हा शब्द टोमणा म्हणून वापरला जातो, तिथे सहाध्यायी मूल्यमापनाच्या रकान्यात काय पडेल? पत्रक बनवणाऱ्यांनी संवेदनशीलता ही एक क्षमता मोजायला घेतली आहे. कोणाविषयीची संवेदनशीलता, ते शाळेवर सोडले आहे.

म्हणून आपल्यातले बरेच जुने कार्यकर्ते या सगळ्याला सरळ विरोध करतात. त्यांचे म्हणणे मला पटकन खोडता आलेले नाही आणि मला ते खोडायचेही नाही. आमच्याकडचे एक निवृत्त शिक्षक काका म्हणतात, "पोरी, आमाले वाचवलं ते सीट नंबरनं. पेपर दुसऱ्या गावाले जाये, तपासणाऱ्याले माहीत नसे कोणाचा हाय. तोंडी परीक्षा असती तर आमी कदी पास झालो नसतो." हा अनुभव एकट्याचा नाही. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाच्या तक्रारींवर डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ मध्ये जो अहवाल दिला, त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेतल्या अन्यायाविषयीच सांगितले होते. जिथे परीक्षक समोर बसतो आणि नाव विचारतो, तिथे.

या युक्तिवादात मी आणखी एक अवघड गोष्ट घालते. रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतात केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर जात यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, लिहिली आणि शिक्षकांकडून तपासून घेतल्या. ज्या पेपरवर खालची जात लिहिली होती त्यांना किंचित कमी गुण मिळाले. फरक छोटा होता, पण होता. आणि तो मुख्यतः कोणत्या शिक्षकांच्या तपासणीत आढळला? खालच्या मानल्या गेलेल्या जातींमधून आलेल्या शिक्षकांच्या. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. आपला माणूस शिक्षक झाला की प्रश्न सुटला, असे आपण गृहीत धरतो. मी अभ्यासिकेत त्या चार गुण घेणाऱ्या मुलीला 'अगं, पाच घे' म्हटले होते, आठ म्हणाले नव्हते, तेव्हा माझ्या डोक्यात काय चालले होते हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मग मुलांच्या हातात पेन द्यायचा की नाही? माझे मत असे झाले आहे की आपण दोन वेगळ्या कामांची गल्लत करतो. एक काम निवडीचे आहे. कोणाला पुढे प्रवेश, कोणाला नोकरी. तिथे नाव झाकलेला पेपर आणि बाहेरचा परीक्षक हे आपले संरक्षण आहे आणि ते सोडायचे कारण नाही. काकांचा सीट नंबर राहिला पाहिजे. दुसरे काम शिकण्याचे आहे. मी कुठे आहे, काय जमले, पुढे काय करू. हे काम रोजचे आहे, ते बाहेरच्या परीक्षकाकडून होत नाही, आणि ते मुलाकडे नसेल तर ते मूल जन्मभर दुसऱ्याच्या शेऱ्याची वाट पाहते. आपल्या चांगल्या मार्कांनी पास झालेल्या, पण मुलाखतीत 'तुम्ही स्वतःविषयी सांगा' म्हटल्यावर गप्प होणाऱ्या तरुणांना तुम्हीही ओळखत असाल.

धोका या दोन कामांच्या सरमिसळीत आहे. आपल्याकडे ही सरमिसळ नेहमी होते. दहावीच्या अंतर्गत गुणांचेच पाहा. २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले, तर निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ओरड झाली, ऑगस्ट २०१९ मध्ये ते गुण परत दिले गेले आणि पुढच्या वर्षी निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनी दिलेल्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के. या आकड्यांची दुसरीही कारणे असतील, पण वीसपैकी अठरा-एकोणीस देऊन टाकायचे, ही रीत कोणाला माहीत नाही? तिथे तपासणी होतच नाही. आणि ज्याच्यावर राग आहे त्याला वीसपैकी बारा दिले तर तो विचारणार कोणाला? माझ्या दहावीच्या वेळी तोंडी परीक्षेत वर्गातल्या आम्हा चौघींना सारखेच कमी गुण होते. चौघी एकाच वस्तीतल्या. कशाबद्दल कापले ते आम्ही विचारले नाही, विचारता येते हेच माहीत नव्हते.

लेखी उत्तरपत्रिकेबाबत तो हक्क आता आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितले की विद्यार्थ्याला माहिती अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. मूल्यमापनावर विद्यार्थ्याचा हक्क म्हणजे काय, याचे हे ठोस रूप आहे. तोंडी, प्रकल्प, वर्णनात्मक नोंद यांना मात्र पाहण्यासारखा कागदच नसतो. निकष आधी लिहिलेले नसतात, कारण नंतर दिलेले नसते. माझ्या दृष्टीने समग्र प्रगती पत्रकाचा खरा उपयोग इथे होऊ शकतो. मुलाने आपल्या कामाची साक्ष त्यात आधीच लेखी नोंदवली, तर शिक्षकाला नुसते 'करतो' लिहून सुटता येणार नाही.

आमच्या अभ्यासिकेत आता आकडे बंद केले आहेत. दहापैकी किती, हे कोणी लिहीत नाही. प्रत्येक जण तीन ओळी लिहितो : काय जमले, कशावरून म्हणतो, पुढे काय करणार. सगळी गंमत मधल्या ओळीत आहे. 'मी छान काम केले' लिहिले की बाकीची मुले ओरडतात, "कशावरून?" क्रिकेटवाल्या मुलाचे नऊ गुण या एका शब्दाने दोन ओळींत उतरले, आणि त्याने ते हसत मान्य केले. ज्या मुलीने स्वतःला चार दिले होते तिला कौतुक करून घ्यायची गरज उरली नाही. तिने लिहिले : मोजायची पद्धत बदलली, कशावरून, तर पहिल्या तीन दिवसांचा तक्ता आणि नंतरचा तक्ता वेगळा आहे. गुण मागताना तिला लाज वाटत होती, पुरावा देताना वाटली नाही. एकमेकांचे काम तपासताना नाव दुमडून ठेवतो. अकरा मुलांत अक्षर ओळखू येतेच, तरी दुमडतो. सवय लागावी म्हणून.

हे सोपे वाटत असेल तर सांगते, यात वेळ फार जातो. जे काम मी एकटीने अर्ध्या तासात तपासले असते त्याला दोन संध्याकाळी लागतात. दोन मुले सोडून गेली, त्यांच्या आईने शिकवणी लावली, कारण 'इथं अभ्यास होत नाही, नुसत्या गप्पा होतात.' त्या माउलीला मी काय सांगणार? समोर पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा दिली, महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसे नियम केले, केंद्रानेही डिसेंबर २०२४ मध्ये केले. नापास झालेल्याला जादा मार्गदर्शन, पुन्हा परीक्षा, आणि तरीही नापास झाला तर पुन्हा तोच वर्ग. एका हाताने सरकार मुलाला 'स्वतःकडे पाहा' म्हणते आणि दुसऱ्या हाताने दहाव्या-अकराव्या वर्षी नापासाचा शिक्का तयार ठेवते. ज्या घरात जादा मार्गदर्शन देणारे कोणी नाही, ते मूल दुसऱ्यांदा त्याच वर्गात बसेल की कामाला जाईल, याचे उत्तर आपल्या वस्त्यांना जुने माहीत आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी सांगितले होते की प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात. गळती हा त्यांच्यासाठी मुलांच्या बुद्धीचा प्रश्न नव्हता.

म्हणून समग्र प्रगती पत्रकाला आंधळा पाठिंबा नको आणि आंधळा विरोधही नको. आपण आत शिरून पाहिले पाहिजे, आणि तो दरवाजा आहे. अनुदानित आणि सरकारी शाळांत कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. आपल्या किती वस्त्यांमधल्या आया या समितीवर आहेत, आणि आहेत त्यांना बैठकीची नोटीस मिळते की सहीपुरती वही घरी येते? समितीत विचारायचे प्रश्न साधे आहेत. मुलांनी स्वतः भरायचा भाग कोणी भरला? प्रकल्पाचे निकष मुलांना आधी सांगितले होते का, आणि ते ठरवताना कोणी त्यांना विचारले का? बाजारातून आणलेल्या तक्त्याला गुण आहेत का? वर्गमित्रांनी दिलेला शेरा कोण वाचतो आणि त्यात जातीवरून काही आले तर शाळा काय करते? हा शेवटचा प्रश्न विचारला की बैठकीत शांतता पसरते. पसरू द्यावी.

शिक्षकांशी भांडण म्हणून हे करू नका, एवढी माझी विनंती आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनीच ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले आणि राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. चांगले काम करू पाहणाऱ्या शिक्षकाला पालक पाठीशी उभे राहिले तर हवेच असते. पन्नास मुलांच्या नोंदी एकट्याने लिहिण्यापेक्षा मुलांनी पुराव्यासह लिहून आणलेले वाचणे त्यालाही परवडते.

आमच्या सातवीतल्या मुलीने मला न विचारता एक गोष्ट केली. पाण्याच्या कामाच्या आपल्या तीन ओळी तिने वहीच्या कागदावर स्वच्छ लिहिल्या आणि शाळेत सरांना नेऊन दिल्या, म्हणाली की हे माझ्या प्रगतीपुस्तकात ठेवा. मला कळले तेव्हा धास्ती वाटली, सर चिडले तर काय. संध्याकाळी ती आली. सरांनी कागद दोनदा वाचला, टाचणी लावून पुस्तकात ठेवला आणि विचारले, "कॅन पूर्ण रिकामा करून मोजला का दरवेळी?" तिने सांगितले, की दोन दिवस थोडे पाणी तळाला राहिले होते. सर म्हणाले, मग ते दोन दिवस वेगळे लिही. ती तक्ता दुरुस्त करायला बसली.